कूर्चा बनते, पण कूर्चा म्हणून टिकत नाही

गुडघे दुखू लागले की ‘वंगण संपलंय’ असं सर्रास म्हटलं जातं. बहुतेकदा झिजलेली असते ती कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं दोन-चार मिलिमीटर जाडीचं गुळगुळीत आवरण. तिच्यात रक्तवाहिन्याच नसतात, त्यामुळे जखम भरायला बाहेरून पेशी येत नाहीत. कूर्चा एकदा गेली की भरून येत नाही, हे शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटरने १७४३ सालीच लिहून ठेवलंय.

१९९४ मध्ये स्वीडनच्या डॉक्टरांनी रुग्णाच्याच कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून गुडघ्यात बसवल्याचं प्रसिद्ध केलं. पण त्यासाठी आधी चांगली कूर्चा खरवडावी लागते. म्हणून लक्ष गेलं अस्थिमज्जेकडे, म्हणजे हाडांच्या आतल्या मऊ गराकडे. तिथल्या दहा हजार ते एक लाख पेशींमागे एखादीच हाड, चरबी किंवा कूर्चा बनू शकणारी ‘स्टेम सेल’ असते. ती प्लास्टिकच्या बशीला चिकटते, रक्तपेशी धुऊन जातात.

खरी गंमत पुढे आहे. बशीत पसरलेल्या या पेशी कूर्चा बनवत नाहीत. दोन-अडीच लाख पेशी नळीत गरगर फिरवून तळाशी त्यांचा गोळा केला आणि टीजीएफ-बीटा हे प्रथिन दिलं, की स्मॅड नावाची प्रथिनं केंद्रकात निरोप पोचवतात, सॉक्स-९ हे कूर्चा घडवणारं जनुक जागं होतं आणि टाइप-२ कोलॅजन व अ‍ॅग्रिकॅन हे कूर्चेचे मुख्य घटक तयार होऊ लागतात. अ‍ॅग्रिकॅनच्या ऋणभारित साखळ्या पाणी खेचतात, कोलॅजनचं जाळं त्यांना फुगू देत नाही. भार पेलला जातो तो या ओढाताणीमुळे. तीन आठवड्यांत मोहरीएवढा पांढरा, चकचकीत दाणा हाती येतो.

आणि मग घोटाळा होतो. पेशी फुगतात, टाइप-१० कोलॅजन बनवू लागतात; ही कूर्चा हाडाच्या वाटेला लागल्याची खूण. हा दाणा उंदराच्या कातडीखाली ठेवला तर त्यात कॅल्शियम साचतं. गर्भात बहुतेक हाडं आधी कूर्चेची असतात आणि नंतर त्यांचं हाड होतं. मज्जेतल्या पेशी तोच रस्ता धरतात.

‘स्टेम सेल’च्या एका इंजेक्शनात नवी कूर्चा देण्याच्या जाहिराती म्हणूनच हास्यास्पद वाटतात. अनेकदा तर त्यात पेशी वाढवलेल्याही नसतात, मज्जा फक्त घट्ट केलेली असते. काहींचं दुखणं कमी होतही असेल, पण दुखणं कमी होणं म्हणजे कूर्चा उगवणं नव्हे.

मज्जापेशींमध्ये थोड्या अस्सल कूर्चापेशी मिसळून वाढवल्या तर टाइप-१० चं प्रमाण घटतं, असं प्रयोगांत दिसलंय. म्हणजे थोडी का होईना, चांगली कूर्चा खरवडणं आलंच.