‘शून्य’ न म्हटल्याचा घोळ

जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेचं लार्ज हॅड्रॉन कोलायडर, म्हणजे अणूतले कण प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळवणारं यंत्र, देखभालीनंतर पुन्हा सुरू झालं की आता जगबुडी होणार, असा तोच मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो. कृष्णविवर, देवकण, नरकाचं दार आणि सोबत नटराजाचा फोटो. जुलै 2022 मध्येही तो फिरला. मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि भयकथा शाळेपासून वाचतो, म्हणून नातेवाईक तो हमखास मला पाठवतात. एका ओळीत उत्तर देणं जमत नाही, कारण ही भीती सुरू झाली ती एका आकड्याच्या वाचनातून.

तशी तिची सुरुवात 1942 ची. अणुस्फोटाच्या उष्णतेने हवेतला नायट्रोजन पेट घेईल का, ही शंका तेव्हा अमेरिकेत निघाली. गणितं झाली आणि असं होणार नाही हे दिसलं. पण 1959 मध्ये छापून आलेल्या एका मुलाखतीमुळे ‘दहा लाखांत तीन’ असा धोक्याचा आकडा पसरला. मूळ गणित करणाऱ्याने तो गैरसमज असल्याचं सांगितलं, तरी आकडा राहिलाच. 2023 च्या गाजलेल्या ‘ओपनहायमर’ चित्रपटाने तो प्रसंग पुन्हा घराघरांत नेला.

खरा गुंता 1999 चा. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर सोन्याची अणुकेंद्रकं एकमेकांवर आदळवणारं यंत्र सुरू व्हायचं होतं. त्या टकरीतून ‘स्ट्रेंजलेट’ नावाचा काल्पनिक पदार्थ तयार होऊन सारी पृथ्वी गिळेल का, असा प्रश्न आला. काही शास्त्रज्ञांनी उलटा विचार केला. वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून येणारे अतिवेगवान कण, अब्जावधी वर्षं असल्या टकरी करत आले आहेत. त्यातून अनर्थ होत असता, तर आकाशात त्याच्या खुणा दिसल्या असत्या. तशा दिसत नाहीत. यावरून त्यांनी मांडलं की यंत्राच्या संपूर्ण आयुष्यात धोका पाच कोटींत एकापेक्षा कमीच असणार.

इथे ‘पेक्षा कमी’ हे दोन शब्द गळाले आणि ‘पाच कोटींत एक’ एवढंच उरलं. लॉटरीच्या तिकिटासारखं. ही धोक्याची कमाल मर्यादा होती, अंदाज नव्हता. समजा आमच्या वाड्यातल्या आडात भूत आहे का, याची मी शंभर रात्री राखण केली आणि काही दिसलं नाही. मग मी म्हणेन, भूत दिसलंच तर साधारण शंभरांत एखाद्या रात्रीपेक्षा जास्त दिसणार नाही. याचा अर्थ शंभरांत एक रात्र ते येतं, असा होत नाही. हजार रात्री जागलो तर हाच आकडा दहापटीने उतरेल. तो राखणीच्या रात्री मोजतो. भुताबद्दल त्यात काहीच नाही. माझ्या वर्गात हे समजावायला पूर्ण तास लागतो. बातमीत तीस सेकंद मिळतात.

भयकथेला मात्र एवढी फट पुरते. दार किंचित किलकिलं असावं, आत काय आहे ते दिसू नये. प्रामाणिक भौतिकशास्त्रज्ञ ‘शून्य’ हा शब्द जपून वापरतो आणि नकळत तेच दार उघडं ठेवतो.

म्हणून असेल, जिनिव्हाच्या यंत्राबद्दलच्या जून 2008 च्या सुरक्षा अहवालाने आकड्याऐवजी ‘काळजीला आधार नाही’ अशा थेट शब्दांत निष्कर्ष दिला. यावर अजून वाद होतो. लोकांपासून अनिश्चितता लपवली, असं टीकाकार म्हणतात. मला तो निर्णय योग्य वाटतो. अशा टकरींतून सूक्ष्म कृष्णविवरं तयार झाली आणि टिकलीही असं धरून चाललं, तर वैश्विक किरणांच्या माऱ्यामुळे आकाशातले जुने श्वेतबटू, म्हणजे विझत चाललेले छोटे पण अतिशय घन तारे, एव्हाना नाहीसे व्हायला हवे होते. ते जागच्या जागी आहेत. याहून भक्कम राखण कुठली?

10 सप्टेंबर 2008, बुधवार. जिनिव्हाचं यंत्र पहिल्यांदा सुरू होण्याचा दिवस. गणपती बसलेले होते. वाहिन्यांवर जगबुडीचं काउंटडाउन सुरू होतं. आरतीनंतर मांडवात एका आजींनी माझा हात धरून विचारलं, “विसर्जनापर्यंत राहू ना रे आपण?” मी त्यांना बाहेर नेऊन चंद्र दाखवला. त्याला वातावरण नाही, चार अब्ज वर्षांहून जास्त काळ तो वैश्विक किरणांचा याहून जोरदार मारा उघड्या अंगावर झेलतो आहे, हे सांगितलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. त्याच सुमारास मध्य प्रदेशातून बातमी आली. सोळा वर्षांच्या एका मुलीने टीव्हीवरच्या त्या बातम्यांच्या धास्तीने जीव दिला, असं तिच्या वडिलांनी सांगितलं होतं.

त्या दिवशी काहीही आदळणार नव्हतं. प्रोटॉनची शलाका 27 किलोमीटरच्या बोगद्यातून नुसती फिरवून पाहायची होती. नऊ दिवसांत विजेच्या एका सदोष जोडणीमुळे हेलियमची मोठी गळती झाली आणि यंत्र वर्षभराहून अधिक काळ बंद पडलं. पहिली टक्कर 23 नोव्हेंबर 2009 ला झाली. तिचं काउंटडाउन मला कुठेही दिसलं नाही.

नटराज यात आला तो भारताने 2004 मध्ये सर्नला भेट दिलेल्या सुमारे दोन मीटर उंच मूर्तीमुळे. ऑगस्ट 2016 मध्ये तिच्यासमोर रात्री काळे झगे घातलेल्या माणसांनी नरबळीचं नाटक केल्याचा व्हिडिओ आला. आवारात येण्याची परवानगी असलेल्या कुणाची तरी ही थट्टा हाताबाहेर गेली, असा संस्थेचा खुलासा होता; अंतर्गत चौकशीही लागली. ज्यांना आकड्यांची भाषा येत असावी, त्यांनीच ही भीती पोसावी, याचा मला राग येतो. खुलासा चार दिवसांत विरला. व्हिडिओतलं ते दृश्य 2022 मध्ये माझ्या मावशीने पाठवलेल्या मजकुरात सगळ्यात वर होतं.