दूरसंचार महसूल सुनिश्चिती व नव्या पिढीचे जाळे : खानदेशातील प्रशिक्षण

ग्राहकाने केलेला प्रत्येक वापर यंत्रात नोंदला जावा, त्या नोंदीवर योग्य दराने आकारणी व्हावी आणि आकारलेली रक्कम हिशेबात उतरावी, यासाठी दूरसंचार कंपनीत सतत चालणाऱ्या पडताळणीला महसूल सुनिश्चिती म्हणतात. कामाच्या ठिकाणी ‘रेव्हेन्यू अ‍ॅश्युरन्स’ किंवा नुसते ‘आरए’ असाच उल्लेख होतो. बिल थकवणाऱ्या ग्राहकाकडून वसुली करणे हे या शाखेचे काम नव्हे. जे बिलात आलेच नाही किंवा चुकीचे आले, ते शोधणे हा तिचा विषय. जळगाव, धुळे व १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार हे खानदेशचे तिन्ही जिल्हे दूरसंचाराच्या महाराष्ट्र परवाना क्षेत्रात, म्हणजे ज्या विभागापुरता कंपनीला परवाना मिळतो त्यात, मोडतात. त्यांच्या उत्तरेस मध्य प्रदेशाचे व पश्चिमेस गुजरातचे क्षेत्र लागते. येथील प्रशिक्षणाला या सीमेमुळे एक स्वतंत्र बाजू मिळते.

उगम : या शाखेच्या उगमाविषयी एकमत नाही. एक मत असे, की १ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेत एटी अँड टी कंपनीचे विभाजन झाल्यावर लांब पल्ल्याच्या आणि स्थानिक कंपन्या एकमेकींचे कॉल पोहोचवल्याबद्दल जोडणी-आकार देऊ लागल्या. समोरच्या कंपनीचे बिल आपल्या स्विचच्या (कॉल जोडणाऱ्या यंत्राच्या) नोंदींशी ताडून पाहण्याची गरज तेव्हा प्रथमच मोठ्या प्रमाणावर उभी राहिली. दुसऱ्या मतानुसार तिचे मूळ नव्वदच्या दशकातील मोबाइल कंपन्यांच्या फसवणूक-प्रतिबंध विभागांत आहे. बनावट सिम आणि चोरलेल्या जोडण्या शोधताना बिलप्रणालीतील भोकेही हाती लागली. भारतातील काही जुने अधिकारी तिसरीच परंपरा सांगतात. डाक-तार खात्यात व पुढे दूरसंचार विभागात ‘टीआरए’, म्हणजे दूरध्वनी महसूल लेखा शाखा होती. ट्रंक कॉलची तिकिटे आणि एक्स्चेंजमधील मीटरचे आकडे तेथे बिलांत उतरत, आणि एखाद्या मीटरचा आकडा दोन वाचनांत अजिबात न हलल्यास लाइन तपासायला सांगितले जाई.

तिसरे मत आपल्याकडे आस्थेने मांडले जाते आणि त्यात तथ्यही आहे. तरी टीआरएचा मुख्य भर आकारणी झालेल्या रकमेच्या लेख्यावर व थकबाकीवर होता; दोन स्वतंत्र नोंदी समोरासमोर ठेवून फरक काढण्याची रीत तिच्यात गौण राहिली. ही रीतच महसूल सुनिश्चितीचा गाभा मानली, तर जोडणी-आकाराचे मत अधिक ग्राह्य वाटते. पुढे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या व आता टीएम फोरम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उद्योगसंघटनेने मार्गदर्शिका काढून या कामाला सर्वमान्य चौकट दिली. मागणीला हात न लावता केवळ माहितीची गुणवत्ता व कार्यपद्धती सुधारून उत्पन्न वाढवणे, असा तिच्या व्याख्येचा आशय आहे.

नव्या पिढीचे जाळे : आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या वाय.२००१ या २००४ च्या शिफारशीने याची प्रमाण व्याख्या दिली. सर्व वाहतूक पॅकेटांतून, म्हणजे माहितीच्या लहान तुकड्यांतून, होते आणि सेवेची कार्ये वाहतुकीच्या तंत्रापासून स्वतंत्र असतात, हे तिचे दोन मुख्य मुद्दे. सॉफ्टस्विचची, म्हणजे सॉफ्टवेअरने कॉल जोडणाऱ्या सर्व्हरची, कल्पना मात्र त्याआधीची, बहुधा नव्वदच्या दशकाच्या अखेरची आहे. कॉल सुरू व बंद करणारे संदेश ठरवणाऱ्या एसआयपी या संकेतप्रणालीचे आजचे मूळ मानक २००२ चे. भारतात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २००६ मध्ये या विषयावर सल्लापत्र काढले.

महसुलाच्या दृष्टीने फरक असा, की जुन्या एक्स्चेंजमध्ये आवाज, संकेत आणि नोंद एकाच यंत्रातून जात. नव्या जाळ्यात संकेत सॉफ्टस्विचकडून जातो, आवाज माध्यम-द्वारांतून (आवाजाचे पॅकेटांत रूपांतर करणाऱ्या यंत्रांतून) परस्पर जातो आणि आकारणीची नोंद तिसऱ्याच सर्व्हरवर लिहिली जाते. कॉल संपल्याचा ‘बाय’ संदेश वाटेत हरवला, तर बोलणे थांबूनही सत्र उघडे राहू शकते. त्यामुळे जाळ्याची रचना न शिकवता केवळ तक्ते जुळवायला शिकवणारे प्रशिक्षण अपुरे पडते. तसेच स्विच जाणणारा पण दरपत्रक न वाचलेला अभियंताही अर्धाच तयार असतो. हे दोन विषय एकाच अभ्यासक्रमात यायला हवेत.

नोंदींची जुळणी : कॉल डिटेल रेकॉर्ड, म्हणजे सीडीआर, हे या कामाचे मूळ साधन. त्यात करणाऱ्याचा व घेणाऱ्याचा क्रमांक, सुरुवातीची वेळ, कालावधी, येणारा व जाणारा ट्रंक गट (दोन स्विचना जोडणाऱ्या वाहिन्यांचा समूह) आणि मोबाइल असल्यास टॉवरच्या सेलचा क्रमांक असतो. स्विचमधून निघालेली फाइल मेडिएशन या मधल्या टप्प्यात साफ होते, रेटिंगमध्ये तिला दर लागतो आणि मग ती बिलिंगला जाते. प्रत्येक टप्प्यावर किती नोंदी आत गेल्या, किती बाहेर आल्या आणि किती सस्पेन्समध्ये पडल्या, म्हणजे पुढे न जाता अडकल्या, हे मोजायचे असते.

वर्गात उपयोगी पडणारे एक उदाहरण दीर्घ कॉलचे आहे. स्विच दर ३० मिनिटांनी अंशतः नोंद लिहीत असेल, तर ९५ मिनिटांच्या कॉलच्या ३०, ३०, ३० व ५ मिनिटांच्या चार नोंदी होतात. चारही नोंदींत दोन्ही क्रमांक तेच असतात आणि काही यंत्रांत सुरुवातीची वेळही पहिलीच छापली जाते. दुबार नोंदी गाळणारा नियम क्रम-अंक न पाहता लावला, की नंतरच्या तीन नोंदी गळतात आणि ६५ मिनिटे बिलाबाहेर जातात. उलट तोच नियम ढिला ठेवला आणि फाइल दोनदा चढली, तर ग्राहकाला १९० मिनिटांचा आकार लागतो. पहिली चूक कंपनीला भोवते, दुसरी ग्राहकाला. महसूल सुनिश्चितीने दोन्ही चुका सारख्याच गांभीर्याने पकडल्या पाहिजेत. ट्रायचे मीटरिंग व बिलिंग अचूकतेचे विनियम २००६ मध्ये आले आणि २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली. बिलप्रणालीचे लेखापरीक्षण त्यामुळे बंधनकारक आहे.

कंपन्या-कंपन्यांतील हिशेबाचे महत्त्व मधल्या काळात बदलले. देशांतर्गत मोबाइल कॉल उतरवण्याचा आकार २००९ मध्ये मिनिटाला २० पैसे, २०१५ मध्ये १४ पैसे, १ ऑक्टोबर २०१७ पासून ६ पैसे आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य झाला. आता पडताळणीचा भर डेटा, घाऊक एसएमएस आणि परदेशी कॉल स्थानिक भासवणाऱ्या सिमबॉक्स यंत्रांवर आहे.

संस्था : गाझियाबादचे उच्चस्तरीय दूरसंचार प्रशिक्षण केंद्र १९७५ मध्ये आंतरराष्ट्रीय सहकार्याने उभे राहिले, जबलपूरचे केंद्र त्याहून जुने, १९४२ चे. महाराष्ट्रात पुणे व नागपूर येथे प्रादेशिक केंद्रे आहेत. खानदेशात जळगावचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, बांभोरी, भुसावळ, धुळे व शिरपूर येथील अभियांत्रिकी महाविद्यालये आणि कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ (स्थापना १९९०) ही तांत्रिक पाया देणारी ठिकाणे होत.

सीमेवरील पडताळणी : नवापूर रेल्वे स्थानक महाराष्ट्र व गुजरातच्या सीमेवर अर्धे-अर्धे विभागले आहे. फलाटावर चालताना प्रवाशाचा मोबाइल कधी महाराष्ट्राच्या, कधी गुजरातच्या टॉवरला लागतो. आग्रा महामार्गावर पळासनेरकडून सेंधव्याकडे जाताना आणि रावेरहून बऱ्हाणपूरकडे जातानाही क्षेत्र बदलते. स्पेक्ट्रम आणि परवाना शुल्क क्षेत्रनिहाय असल्याने कोणता वापर कोणत्या क्षेत्रात झाला, हे सीडीआरमधील सेल क्रमांकावरूनच ठरते. सेल कोणत्या क्षेत्रातला हे सांगणारा संदर्भ-तक्ता नव्या टॉवरबरोबर अद्ययावत झाला नाही, तर नोंद सस्पेन्समध्ये पडते किंवा भलत्या क्षेत्राच्या खात्यात जाते. सीमेवरील प्रत्येक सेलवरून चाचणी-कॉल करून त्याची नोंद शेवटपर्यंत शोधणे, हा खानदेशातील प्रशिक्षणार्थीसाठी सर्वांत उपयुक्त सराव ठरतो.

याचा संबंध माणसांशीही आहे. अक्कलकुवा व धडगाव तालुक्यांतून ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या मजुरांकडे महाराष्ट्राचे प्रीपेड सिम असते. देशांतर्गत रोमिंग स्वतंत्र आकारले जात असे, तेव्हा सीमेवरील चुकीची नोंद थेट त्यांच्या शिलकीतून वजा होई. छापील बिल हाती नसलेल्या ग्राहकाला तक्रारीसाठी पुरावाच नसतो. त्याच्या वतीने तपासणी करणारा पडताळणी विभागातला कर्मचारीच असतो.

ग्रामीण लँडलाइनच्या बाबतीत बदल उशिरा आला. सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने (स्थापना १९८४) बनवलेल्या एक्स्चेंजनी खेड्यांत फोन पोहोचवला. पुढे भारत संचार निगमने त्यातील अनेक यंत्रे आयपीवर चालणाऱ्या मॅक्स-एनजी या नव्या पिढीच्या प्रणालीत रूपांतरित केली. ३१ जानेवारी २०२० रोजी निगमचे ७८ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्त झाले. जुन्या स्विचचे बारकावे जाणणारी पिढी त्यामुळे एकदमच बाहेर पडली. तेव्हापासून एक्स्चेंज सांभाळणाऱ्यांना जाळे व आकारणी एकत्र शिकवण्याची निकड अधिक आहे.