कळसामागचं ‘तेजोवलय’ आणि एचडीआरची बदनामी

संध्याकाळच्या आभाळासमोर पुण्याच्या पर्वतीवरच्या देवळाचं शिखर आणि त्याच्या कडेकडेने पांढुरकं वलय. असा फोटो व्हॉट्सॲपवर आला की निम्मे लोक हात जोडतात, उरलेले ‘एचडीआर मारलंय, खोटा फोटो’ म्हणून नाक मुरडतात. एचडीआर म्हणजे हाय डायनॅमिक रेंज, कमीजास्त उजेडाचे अनेक फोटो जोडून एक करणं. पण वलय देवाचं नाही आणि खरं तर एचडीआरचंही नाही. ते भागाकाराचं आहे.

आधी एचडीआर लागतं कुठे? पुण्यातल्या पाताळेश्वर लेण्याच्या अंगणात भर दुपारी सुमारे १ लाख लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. आत गाभाऱ्याकडे १० लक्स धरला, तर फरक १० हजार पट. उजेड दुप्पट होणं म्हणजे एक स्टॉप, म्हणजे हे झाले १३ स्टॉप. कॅमेऱ्याचा चांगला सेन्सर १४ स्टॉप पेलतो असं सांगतात, पण खालच्या स्टॉपना काय उरतं ते बघा. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये (सेन्सरची कच्ची नोंद) उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या. त्यातल्या ८,१९२ एकट्या सर्वांत उजळ स्टॉपच्या, पुढच्याच्या ४,०९६, असं करत दहाव्याच्या वाट्याला फक्त १६. शिवाय तिथे फोटॉनही (प्रकाशाचे कण) मोजकेच. १०० फोटॉन आले तर त्यात १० चा चढउतार ठरलेला. ती सावली सॉफ्टवेअरमधल्या सरकपट्टीने उजळ केली की काळ्या दगडाऐवजी रंगीत रवा दिसतो.

म्हणून एकाऐवजी पाच फोटो. ट्रायपॉड, रॉ, आयएसओ १००, एफ/८, फोकस मॅन्युअल. शटर १/५००, १/१२५, १/३०, १/८, १/२ सेकंद. बदलायचं ते शटरच, कारण ॲपर्चर (लेन्सचं भोक, ते एफ/८) बदललं की डेप्थ ऑफ फील्डही, म्हणजे किती खोलीपर्यंत चित्र स्पष्ट येतं तेही, बदलते आणि फोटो एकमेकांवर बसत नाहीत. हे पाच जोडून खरा उजेड कसा काढायचा, याचं गणित पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी १९९७ मध्ये मांडलं. इथपर्यंत वलयाचा पत्ताच नसतो.

गडबड होते टोन मॅपिंगला, म्हणजे हा उजेडाचा मोठा फरक कागदावर किंवा पडद्यावर मावेल असा दाबताना. छापील कागदाला जेमतेम ७ स्टॉप झेपतात, तेव्हा १३ दाबावे लागतात. त्यासाठी सॉफ्टवेअर, सोप्या भाषेत, प्रत्येक पिक्सेलला आजूबाजूच्या सरासरीने भागतं. आभाळाचा उजेड २००, शिखराचा २० धरा. कडेपासून लांबच्या आभाळात २०० भागिले २०० म्हणजे १. कडेला लागून मात्र शेजार अर्धा आभाळाचा, अर्धा शिखराचा. सरासरी ११०, भागाकार १.८. तेवढीच पट्टी जवळजवळ दुप्पट उजळली! आतल्या बाजूला उलट होतं: २० भागिले ११०, म्हणजे ०.१८, म्हणून शिखराची कड काळवंडते. तेजोवलय म्हणतात ते हे.

यावर बायलॅटरल फिल्टर हा उतारा आहे. सरासरी काढताना फारच वेगळ्या उजेडाचे शेजारी तो जवळपास मोजतच नाही. ड्युरां आणि डॉर्सी यांनी २००२ मध्ये तो टोन मॅपिंगला लावला. घरी करायचं तर टोन मॅपिंगची स्ट्रेंग्थ (जोर) अर्ध्याखाली ठेवा आणि कडा १०० टक्के झूमवर तपासा. मोबाइलच्या पडद्यावर वलय लपतं.

एकाच जेपेगवर ‘एचडीआर इफेक्ट’ लावणारी ॲप्स ही निव्वळ जाहिरातबाजी. २५५ वर (जेपेगमधला सर्वांत उजळ आकडा) जाऊन पांढरं पडलेलं आभाळ कुठलीच सरकपट्टी परत आणत नाही.

आणि विसर्जन मिरवणुकीत ब्रॅकेटिंग, म्हणजे असे कमीजास्त शटरचे अनेक फोटो, नको. ढोल वाजवायचं टिपरू एका फोटोत वर, दुसऱ्यात ढोलावर. जोडल्यावर वादकाला चार हात फुटतात. तिथे हायलाइट (सर्वांत उजळ भाग) सांभाळून एकच रॉ घ्या, किंवा मोबाइलवर सोडा. तो बऱ्याचदा एकाच एक्स्पोजरचे (उजेड घेण्याचं प्रमाण) बरेच झटपट, थोडे काळपट फोटो घेऊन त्यांची सरासरी काढतो. नऊ घेतले तर रवा एक तृतीयांश.