मौखिक इतिहास मुलाखत : पद्धती व प्रशिक्षण

मौखिक इतिहास मुलाखत : एखादी घटना, व्यवसाय किंवा वस्ती प्रत्यक्ष अनुभवलेल्या व्यक्तीशी पूर्वतयारीने केलेले आणि जतनासाठी ध्वनिमुद्रित केलेले संभाषण. वृत्तपत्रीय मुलाखत, पोलिसी जबाब आणि प्रश्नावलीचे सर्वेक्षण यांहून ती वेगळी असते. इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी कोयना धरणाच्या विस्थापितांची केलेली पाहणी (१९६९) घरोघरच्या विचारपूशीवर उभी आहे, पण तिचा हेतू तुलना करता येईल अशी माहिती मिळवण्याचा होता. एकेकाची कहाणी त्याच्याच आवाजात राखणे हा नव्हता. मौखिक परंपरेपासूनही (ओवी, पोवाडा, वंशावळ) ही मुलाखत वेगळी काढली जाते. परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत येते, तर मुलाखतीचा आवाका सांगणाऱ्याच्या हयातीपुरता असतो. बेल्जियन इतिहासकार यान व्हान्सिना यांच्या १९६१ च्या ग्रंथापासून हा भेद रूढ झाला. महाराष्ट्रात तो काटेकोर पाळता येत नाही, कारण जात्यावरची बाई परंपरेच्या ओवीत स्वतःचे सासर-माहेर गुंफून सांगते.

या पद्धतीचे मराठीतील मूळ कोठे धरावे याविषयी एकमत नाही. एक मत लीळाचरित्रापर्यंत मागे जाते. चक्रधरांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी त्यांचा सहवास लाभलेल्यांना गाठून आठवणी गोळा केल्या आणि त्या नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या, असे महानुभाव परंपरा सांगते. हे संकलन परंपरेने १२७८ च्या सुमाराचे मानले जाते. तेराव्या शतकाचे अखेरचे चतुर्थक एवढे म्हणणे अधिक सुरक्षित. पुढे खलजी स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली व ती स्मरणातून पुन्हा सिद्ध करावी लागली, त्यामुळे तिचे निरनिराळे पाठ झाले असेही परंपरा मानते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट ही की, आठवणींतील तफावत पुसून टाकण्याऐवजी ‘वासना’ (वेगळा पाठ) म्हणून नोंदवण्याची रीत या संप्रदायाने सांभाळली. दुसरे मत मराठेशाहीतील महजर (सभेचे निवाडापत्र), तकरीर (पक्षकाराची जबानी) आणि करीना (वादाची हकीकत) या कागदांकडे बोट दाखवते. महजरात गोतसभेपुढे पाटील, बलुतेदार व शेजारगावचे लोक पूर्वजांची आण घेऊन वतनाविषयी जे सांगत, ते लेखी उतरे. मात्र तेथे विचारणाऱ्याला निवाडा करायचा असे आणि सांगणाऱ्याचे हितसंबंध त्यात गुंतलेले असत. श्रद्धेचा रंग वजा घालूनही म्हाइंभटांची रीत आजच्या मुलाखतीला अधिक जवळची वाटते. दोहोंपैकी एकातूनही सलग परंपरा मात्र निघाली नाही.

ती न निघण्याचे एक कारण पुण्यातच सापडते. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध करताना बखरींच्या विश्वासार्हतेवर कठोर टीका केली आणि अस्सल पत्रांना अग्रस्थान दिले. १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने हीच शिस्त पुढे नेली. तिच्यामुळे हजारो दप्तरे नष्ट होण्यापासून वाचली, हे ऋण मोठे आहे. पण कागद ज्यांच्या घरी होते त्यांचाच इतिहास लिहिला गेला. ज्यांच्या घरी कागद नव्हता त्यांच्याकडे कोणी विचारायलाच गेले नाही.

आधुनिक पद्धतीचा आरंभ सामान्यतः १९४८ मध्ये अमेरिकन इतिहासकार अ‍ॅलन नेव्हिन्स यांनी कोलंबिया विद्यापीठात सुरू केलेल्या उपक्रमापासून धरतात. तेथे सुरुवातीच्या काळात टंकलिखित शब्दांकन हेच अस्सल साधन मानत आणि फिती पुसून पुन्हा वापरत. आज ध्वनिमुद्रण मूळ आणि शब्दांकन त्याचे वाचन असे मानण्याकडे कल आहे. दुसरे वळण इटलीतील आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांच्या अभ्यासाने दिले. तेर्नी येथील लुइजी त्रास्तुल्ली हा कामगार १९४९ मध्ये नाटोविरोधी निदर्शनात मारला गेला. अनेक कामगार मात्र त्याचा मृत्यू १९५३ च्या नोकरकपातीच्या लढ्यात झाल्याचे सांगत. ही चूक काढून टाकण्याची नसून समजून घेण्याची आहे, कारण लोकांना तो मृत्यू कशासाठी झालेला हवा होता ते तीच सांगते, असे पोर्तेल्ली यांचे प्रतिपादन आहे. ते आता बहुतेकांना मान्य आहे.

पुण्यातील कामाचा सर्वांत समृद्ध साठा ओव्यांचा आहे. गी प्वातव्हाँ (मृ. २००४) आणि हेमा राईरकर (मृ. २०१०) यांच्या पुढाकाराने, गरीब डोंगरी संघटनेतील स्त्रियांच्या मदतीने, मुळशी-मावळापासून सुरू झालेल्या या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या, १९९० नंतरच्या दशकात त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रणही झाले. विचारणारी बाई त्याच डोंगरातली असल्याने सांगणारीला बोली बदलावी लागली नाही. प्रशिक्षणाच्या दृष्टीने या संग्रहाचे मोल त्यात आहे. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखतींतून आम्हीही इतिहास घडवला (१९८९) सिद्ध केले. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांची आत्मकथने समूहाची साक्ष म्हणून वाचण्याचा आग्रह धरला. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने ज्येष्ठ चित्रपटकर्मींच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या आहेत.

प्रशिक्षणात पहिला भर पूर्वतयारीवर असतो. पुण्यात सरावासाठी पानशेतच्या पुराइतका चांगला विषय नाही. त्या आठवणी असलेली माणसे आता फार थोडी आणि वृद्ध आहेत, म्हणून तो तातडीचाही आहे. १२ जुलै १९६१ रोजी आंबी नदीवरचे, बांधकाम चालू असलेले पानशेतचे मातीचे धरण सकाळी फुटले आणि त्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे दगडी धरण दुपारी फुटले. हे माहीत नसलेला मुलाखतकार ‘धरण सकाळी फुटलं’ म्हणणाऱ्या आणि ‘दुपारी फुटलं’ म्हणणाऱ्या दोन आजींपैकी एकीला चुकीची ठरवून मोकळा होतो. दोघींचेही खरे असू शकते. पूर नारायण, शनिवार, कसबा या पेठांत शिरला, पूरग्रस्तांच्या वसाहती गोखलेनगरासारख्या नव्या भागांत झाल्या. म्हणून एकाच कुटुंबातील दोन भावंडांच्या आठवणी वेगवेगळ्या ठिकाणी संपतात.

प्रश्न उघडे आणि ठोस हवेत. ‘खूप नुकसान झालं असेल ना?’ या प्रश्नाला ‘हो’ एवढेच उत्तर मिळते. ‘पाणी आलं तेव्हा तुम्ही घरात कुठं होतात?’ असे विचारले की माजघर, जिना, शेजारच्या वाड्याची गच्ची असे सारे आपोआप येते. काळ विचारताना सनापेक्षा ‘थोरलीच्या लग्नाआधी की नंतर?’ हे अधिक उपयोगी पडते. सर्वांत अवघड शिक्षण गप्प बसण्याचे. निवेदक (म्हणजे आठवणी सांगणारा) थांबला की नवशिका लगेच पुढचा प्रश्न टाकतो आणि येऊ घातलेले वाक्य बुजते. होकारही मानेने द्यावा, ‘हं हं’ करू नये, कारण तो आवाज फितीवर निवेदकाच्या शब्दांवर चढतो. घरात मुलगा किंवा सून मध्येच तारीख दुरुस्त करतात. त्यांना न दुखावता पुढची बैठक एकट्या निवेदकाबरोबर ठरवावी लागते. विधवा वृद्धेशी बोलताना तर हे फारच जाणवते. नातेवाचक संबोधन (आजी, काका, मावशी) जवळीक देते, पण त्याच नात्याने काही प्रश्न विचारणे अवघडही होते. हे भान सरावानेच येते.

ध्वनिमुद्रण असंकुचित स्वरूपात, सामान्यतः ४८ किलोहर्ट्‌झ व २४ बिट, करतात; दोन वाहिन्यांचा एक तास सुमारे एक गिगाबाइट जागा घेतो. ध्वनिग्राहक निवेदकाच्या छातीजवळ असावा. छताचा पंखा, कुकरची शिट्टी आणि रस्त्यावरचे हॉर्न हे नेहमीचे अडथळे. उन्हाळ्यात वृद्ध माणसाचा पंखा बंद करायला सांगू नये, जागा बदलावी. मुद्रणाच्या आरंभी तारीख, ठिकाण व नावे बोलून घेतात आणि त्याच दिवशी दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवतात.

शब्दांकनाला मुद्रणाच्या सहा ते आठ पट वेळ लागतो. येथे पुणेरी सुशिक्षिताची जुनी सवय आड येते : ‘पानी’चे ‘पाणी’ आणि ‘व्हतं’चे ‘होतं’ करण्याची. तसे करणे म्हणजे साधन बिघडवणे होय. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत पाठभेद तळटीपांतून राखले. मावळातल्या म्हातारीच्या वाक्यालाही तीच निष्ठा मिळायला हवी. उच्चार जसाच्या तसा ठेवून अर्थ समासात द्यावा हा सर्वांत चांगला मार्ग दिसतो. काही संपादक वाचनसुलभतेसाठी प्रमाण भाषेतील दुसरी प्रतही करतात. ती मूळ प्रतीच्या सोबत असेल तर हरकत नाही.

संमती दोनदा घेतात. बैठकीपूर्वी मुद्रणाची, आणि शब्दांकन वाचून दाखवल्यानंतर वापराची. वाचता न येणाऱ्या निवेदकाची संमती मुद्रणातच बोलून घेता येते. एखादा भाग हयातीत उघड करू नये अशी अट घालण्याचा हक्क निवेदकाला असतो आणि ती अट संग्रहाच्या सूचीत नोंदवली जाते. मुद्रणाची एक प्रत निवेदकाच्या घरी देण्याचा प्रघात आहे; पुष्कळदा त्या घरात त्या व्यक्तीचा आवाज पहिल्यांदाच साठवला जातो.