युकुलेलेवरचा ‘हिजाझ’: स्मिर्नापासून पिरिअसच्या पडद्यांपर्यंत

युकुलेले या चार तारांच्या, गिटारसारख्या छोट्या वाद्यावर ग्रीक लोकसंगीत वाजवू पाहणाऱ्याच्या वाट्याला सुरुवातीलाच जी स्वरपंक्ती येते ती हिजाझ. डी या स्वराला षड्ज मानले, तर सा, कोमल रे, शुद्ध ग, शुद्ध म, पंचम, कोमल ध आणि कोमल नी असे तिचे स्वर होतात. म्हणजे पूर्वांग भैरवाचे आणि उत्तरांग भैरवीचे, जी मांडणी आपल्याकडे बसंत मुखारीत ऐकू येते. जी-सी-ई-ए या नेहमीच्या मेळात, म्हणजे तारा अशा स्वरांत लावल्या असता, हे स्वर हाताला विलक्षण सोपे पडतात. सीच्या तारेवर दुसरा आणि तिसरा पडदा, ईच्या तारेवर पुन्हा दुसरा आणि तिसरा, मग एची तार मोकळी आणि तिच्यावरच पहिला, तिसरा व पाचवा पडदा घेतला की सप्तक पुरे होते. चौथ्या तारेला हातही लावावा लागत नाही. ही सोय मात्र मूळ परंपरेतली नाही, तर गेल्या शतकात या स्वरांना पडद्यांवर बसवताना जी काटछाट झाली तिचे ते फळ आहे.

‘ग्रीक स्वरपंक्ती’ म्हटले की पाश्चात्य पाठ्यपुस्तके डोरियन, फ्रिजियन ही नावे पुढे करतात. ती नावे प्राचीन असली, तरी मध्ययुगीन युरोपातील पंडितांनी ती आपल्या चर्चमधील स्वरपंक्तींना लावली तेव्हाच मूळ ग्रीक रचनांशी असलेला त्यांचा मेळ सुटला होता. आयोनियन आणि एओलियन यांची भर तर ग्लारेआनुस या स्विस विद्वानाने 1547 साली घातली. हिजाझचा या नामावळीशी संबंध नाही.

तिचा खरा परिसर म्हणजे बायझंटाइन चर्चचे गायन आणि ऑटोमन साम्राज्यातील मकाम-संगीत, म्हणजे रागांसारख्या ‘मकाम’ नावाच्या स्वरव्यवस्थांवर उभे असलेले संगीत. ऑर्थोडॉक्स चर्चची आठ स्वरव्यवस्थांची पद्धत, जिची स्वरलिपी 1814 च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमध्ये ख्रिसान्थोस आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी सुधारली, तिच्यातही कोमल रे आणि शुद्ध ग यांच्यामधली ही रुंद उडी आढळते. शहरांतील मैफलींत ग्रीक, आर्मेनियन, ज्यू आणि तुर्क वादक शेजारी बसत असल्यामुळे हिजाझ, उशाक, रास्त, सबा ही नावे सर्वांच्या तोंडी एकच होती. मकामातील हिजाझचा रे आपल्या पेटीवरच्या कोमल रेपेक्षा किंचित चढा आणि ग किंचित उतरता लागतो, त्यामुळे दोहोंतील अंतर पडद्यांच्या वाद्यावर ऐकू येते तितके रुंद राहत नाही. व्हायोलिन, ऊद (बिनपडद्यांचे तंतुवाद्य) आणि गळा यांना हे जमते. भैरवातला आंदोलित रिषभ पेटीवर शोधणाऱ्याला ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको.

सप्टेंबर 1922 मध्ये ग्रीक-तुर्की युद्धाच्या अखेरीस स्मिर्ना, म्हणजे आजचे इझमिर, आगीत होरपळले आणि जानेवारी 1923 मध्ये लोझानला झालेल्या करारानुसार दोन्ही देशांनी धर्माच्या आधारे लोकसंख्येची अदलाबदल केली. सुमारे 12 लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले, त्यांच्यातले अनेकजण अथेन्स आणि पिरिअस बंदराच्या कडेच्या वस्त्यांत राहिले, आणि त्यांच्याबरोबर आशिया मायनरची गायकी, सांतूर, कानून (मांडीवर ठेवून छेडायचे तंतुवाद्य) व ऊदही आले. पानायोतिस तुंदास यांच्यासारखे स्मिर्नाचे संगीतकार पुढे ध्वनिमुद्रण कंपन्यांत अधिकारपदावर गेले, त्यामुळे ही शैली तबकड्यांवर भरपूर उतरली.

पिरिअसमध्ये मात्र एक वेगळे वाद्य पुढे येत होते. मार्कोस वामवाकारिस यांची बुझुकी (लांब मानेचे तंतुवाद्य) 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला तबकडीवर आली. 1934 साली बातिस, देलियास आणि स्त्रातोस यांच्यासह त्यांची चौकडी जमली आणि रेबेतिको या शहरी लोकसंगीताचा पिरिअसचा बाज ठरला. बुझुकीला धातूचे पक्के पडदे होते, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातील निर्णायक गोष्ट तीच आहे. मकामांची नावे टिकली, पण त्यांचे सूक्ष्म स्वर जवळच्या पडद्यावर सरकले, आणि जे उरले त्याला ग्रीक वादक ‘द्रोमी’ (एकवचनी ‘द्रोमोस’) म्हणतात. तालबद्ध गाण्याआधी आलापासारखा विस्तार करण्याची ‘तक्सिमी’ची रीत तेवढी मागे राहिली, आणि आजही एखाद्या द्रोमोसची चाल, ठेहराव आणि उतरण शिकायची असेल तर नुसत्या चढत्या-उतरत्या सरगमीपेक्षा तक्सिमी ऐकणेच अधिक उपयोगाचे ठरते. 1936 मध्ये मेताक्सास यांची हुकूमशाही आली, तिच्या सेन्सॉरशिपने पौर्वात्य वळणाच्या गाण्यांवर गदा आणली, आणि पाश्चात्य सुरावटीकडचा कल आणखी वाढला.

युकुलेले या कथेत बाहेरून येते. मादेइरा बेटावरून 1879 साली हवाईला पोहोचलेल्या पोर्तुगीज स्थलांतरितांच्या छोट्या वाद्यांतून ते घडले. ग्रीसशी त्याचा संबंध नव्हता. जुळणी झाली ती मेळामुळे. जुनी बुझुकी तीन जोडतारांची, डी-ए-डी अशा मेळाची. मोकळ्या तारा षड्ज-पंचम धरून राहत आणि सुरावट एकाच तारेवर वर-खाली धावे. मानोलिस हिओतिस यांनी 1950 च्या दशकात चार जोडतारांची, सी-एफ-ए-डी मेळाची बुझुकी रूढ केली, ज्यामुळे वेगवान ताना आणि भरघोस कॉर्ड हाताशी आल्या. जुन्या वळणाच्या वादकांना तो बदल मानवला नाही आणि तीन तारांचा आग्रह धरणारे आजही आहेत. या नव्या मेळातील तारांमधली अंतरे सा-म, सा-ग, सा-म अशी आहेत, आणि युकुलेलेची जीची तार एक सप्तक खाली लावली तर तिथेही नेमकी हीच अंतरे मिळतात. म्हणून चार तारांच्या बुझुकीसाठी लिहिलेली बोटांची मांडणी युकुलेलेवर जशीच्या तशी चालते, फक्त सारे एका पंचमाने वर बोलते. जीची तार नेहमीसारखी वरच्या सप्तकातच ठेवली, तर खालच्या तारेवरची वाक्ये मध्येच वर उडी घेतात.

साथीला डी हिजाझमध्ये डी मेजर, ई फ्लॅट मेजर, जी मायनर आणि सी मायनर या कॉर्ड पुरतात. सी मायनरवरून डी मेजरवर उतरले की समेवर आल्याची खूण पटते. हिओतिसपूर्व वळण हवे असल्यास कॉर्ड बाजूला ठेवून एची मोकळी तार पंचमासारखी धरावी आणि सुरावट सी व ई या दोनच तारांवर चालवावी.