जेनेसिसचे नमुने खरंच वाया गेले?

‘जेनेसिस यान वाळवंटात आदळलं आणि सौरवाऱ्याचे सगळे नमुने मातीत गेले,’ असं वर्षानुवर्षं फिरतंय. जेनेसिस हे सूर्याकडून सतत वाहत येणाऱ्या कणांचे, म्हणजे सौरवाऱ्याचे, नमुने अवकाशात गोळा करून आणणारं नासाचं यान. ते आदळलं हे खरं: 8 सप्टेंबर 2004 रोजी, यूटामध्ये, पॅराशूट न उघडल्यामुळे. त्यामुळे असा समज होणं स्वाभाविकच.

पण सौरवारा बाटलीत भरलेला नव्हता. सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने आलेले कण सिलिकॉन, नीलम, सोनं यांच्या चकत्यांमध्ये पृष्ठभागाखाली रुतले होते. चिखल वर, नमुना आत! चकत्या फुटल्या, तरी तुकडे धुता आले. शिवाय चकत्यांच्या प्रत्येक संचाची जाडी मुद्दाम वेगळी ठेवलेली. त्यावरून तुकडा कुठला ते कळलं. ही दूरदृष्टी मला फार मोलाची वाटते.

पडताळायचं असेल तर 2011 मधले, म्हणजे अपघातानंतर सात वर्षांनी आलेले शोधनिबंध पाहा. सूर्यात ऑक्सिजन-16 चा (ऑक्सिजनच्या सर्वात हलक्या स्थिर प्रकाराचा) वाटा पृथ्वीपेक्षा जास्त आहे, हे याच नमुन्यांवरून दिसलं.