चार इंचांची हवा

गुहागरला सुरूच्या बनातून बाहेर पडून पुळणीवर आलो की मी सायकलीवरून उतरतो, खिशातले छोटे गेज काढतो आणि दोन्ही चाकांतली हवा सोडू लागतो. फुस्स असा आवाज बराच वेळ चालतो, कारण आत हवा पुष्कळ असते. पहिल्याच दिवशी शेजारून जाणाऱ्या एका आजोबांनी काळजीने विचारले होते, "पंक्चर झाली का हो?" एवढी महागाची, मोटर लावलेली, चार इंच जाड टायरांची सायकल घेऊन कोणी मुद्दाम चाके मऊ करत बसेल, हे त्यांना पटण्यासारखे नव्हते. या सायकलीत बॅटरी आहे, मोटर आहे, हँडलवर आकडे दाखवणारा पडदा आहे. पण वर्षभर ती वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की तिच्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे टायरमधली हवा, आणि मोटर आहे ती मुख्यतः त्या हवेची किंमत चुकवण्यासाठी.

टायर जमिनीला किती जागेत टेकतो, याचा हिशेब आश्चर्य वाटावे इतका सोपा आहे. चाकावर जेवढे वजन पडते, त्याला आतल्या हवेच्या दाबाने भागले की टेकलेल्या भागाचे क्षेत्रफळ साधारणपणे मिळते. माझी सायकल २८ किलोची आणि मी ७२ किलोचा, म्हणजे एकूण १०० किलो. त्यातले सुमारे ६० किलो मागच्या चाकावर येतात. हवेचा दाब पीएसआय या एककात मोजतात; १० पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ०.७ किलो. ६० ला ०.७ ने भागले तर ८६ चौरस सेंटिमीटर येतात. हे खरे मानायला मन तयार होईना, म्हणून एका रविवारी अंगणात वर्तमानपत्र पसरले, मागच्या टायरला ओला गेरू लावला, मुलाला हँडल धरायला सांगितले आणि सीटवर बसून तो ठसा घेतला. मधल्या खाचा भरून धरल्या तर साडेसात सेंटिमीटर रुंद आणि चौदा सेंटिमीटर लांब असा लंबगोल उमटला, म्हणजे सुमारे ८२ चौरस सेंटिमीटर. दाब वाढवून २० पीएसआय केल्यावर ठसा जवळजवळ निम्मा झाला. टायर तोच, वजन तेच, फरक फक्त हवेचा.

म्हणजे जाड टायरमुळे ठसा मोठा होतो, हे अर्धेच खरे आहे. जाडीमुळे मिळते ती कमी दाबावर चालण्याची मुभा. साध्या दोन इंची टायरमध्ये ६ पीएसआय हवा ठेवून बसलो तर रिम थेट जमिनीवर आपटेल आणि ट्यूब रिमच्या दोन कडांमध्ये चेंगरून तिला जोडीने भोके पडतील. चार इंची टायरमध्ये जमीन आणि रिम यांच्यात अंतर जास्त असल्यामुळे टायर खूप दबला तरी रिम वाचते. आपल्याकडे हेच तत्त्व उसाच्या फडात केव्हाच पोचले आहे. लोखंडी धाव चढवलेले लाकडी चाक काळ्या ओल्या जमिनीत रुतते, म्हणून साखर कारखान्यांच्या गाड्यांना रबरी टायर आले आणि त्या टायरगाड्या झाल्या.

एकदा चिपळूणजवळ एका पंक्चरच्या दुकानात मी हवा भरायला थांबलो. दुकानातल्या मुलाने टायरची जाडी पाहिली, मोटारसायकलीसारखाच दिसतो म्हणून कॉम्प्रेसरने ३० पीएसआय हवा भरली आणि वर "काका, आता टणक झाला" असे समाधानाने सांगितले. पुढचे दोन किलोमीटर सायकल चेंडूसारखी उसळत होती. यामागे एक सुंदर नियम आहे. नळीसारख्या पोकळ वस्तूच्या भिंतीवर पडणारा ताण हा आतला दाब आणि नळीची त्रिज्या यांच्या गुणाकाराएवढा असतो. त्यामुळे चार इंची टायरमधल्या १० पीएसआय हवेने त्याच्या कापडी थराला जेवढा ताण बसतो, तेवढा एक इंची टायरला बसायला ४० पीएसआय लागतात. त्या मुलाने भरलेले ३० पीएसआय म्हणजे एक इंची टायरमधले १२० पीएसआय. शर्यतीच्या सायकलीला शोभेल इतका तो ताण होता. दोष त्याचा नव्हता. आकडा कमी दिसला तरी टायर भरलेला असू शकतो, ही गोष्ट डोळ्यांना किंवा अंगठ्याला सांगता येत नाही, म्हणून कमी दाब अचूक दाखवणारे गेज जवळ बाळगावे लागते. मोटारीसाठीच्या गेजवर ५ आणि ८ यांतला फरक धड वाचताही येत नाही, आणि या सायकलीवर तोच फरक सगळे काही ठरवतो.

शिवाय हा कमी दाब हवामानाला फार लवकर ओ देतो. गेज दाखवते तो वातावरणाच्या वरचा दाब. १० पीएसआय दिसत असताना आत प्रत्यक्षात वातावरणाचे १४.७ धरून जवळजवळ २५ पीएसआय असतात. सकाळी २५ अंशांना भरलेला टायर दुपारच्या उन्हात ४५ अंशांवर गेला तर आतला एकूण दाब सात टक्क्यांच्या आसपास वाढतो. पण ती सगळी वाढ गेजवरच्या दहाच्या आकड्यात पडते आणि तिथे ती सोळा-सतरा टक्के होते. समुद्रकिनारी ८ पीएसआय भरून सायकल गाडीत घालून साडेतेराशे मीटर उंचीच्या महाबळेश्वरला नेली तर, तापमान तेच राहिले तरी, बाहेरची हवा विरळ झाल्यामुळे गेज १० च्या वर दाखवेल. हवा ना कोणी भरलेली असते, ना सोडलेली.

आता वाळूकडे वळू. ओहोटीच्या वेळी पाण्यालगतची वाळू इतकी घट्ट असते की तिच्यावर साधी सायकलही चालते. सायकल सावकाश नेताना खाली पाहिले तर टायरभोवती वाळूचा पट्टा क्षणभर फिकट, कोरडा झालेला दिसतो. पाऊल टाकतानाही हे दिसते. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये या गोष्टीचे स्पष्टीकरण दिले. घट्ट बसलेल्या कणांवर दाब पडला की जागा बदलण्यासाठी त्यांना एकमेकांच्या अंगावर चढावे लागते, त्यामुळे त्यांच्यामधली पोकळी कमी होण्याऐवजी वाढते आणि पृष्ठभागावरचे पाणी त्या पोकळीत खेचले जाते. या ओढीमुळे कण आणखी घट्ट धरले जातात आणि चाकाखालची जमीन जणू स्वतःच आवळून घेते. भरतीच्या रेषेच्या वरची सुकी वाळू मात्र असे काही करत नाही. तिच्यात कणांना बांधून ठेवणारे पाणीच नसते. चाक पुढे जाताना स्वतःसमोर वाळूचा लहानसा ढीग लोटत जाते आणि प्रत्येक क्षणी त्या ढिगावर चढण्याचा प्रयत्न करते. ६ पीएसआयवर माझ्या चाकाचा वाळूवरचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.४ किलो असतो, म्हणजे अनवाणी चालताना एका पायावर भार असतो तेव्हा माझ्या पावलाचा पडतो त्याहून कमी. तरीही सुकी वाळू सायकल आणि मी यांच्या एकूण वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा, कधी त्याहूनही जास्त, विरोध करते.

इथे मोटरचा प्रश्न येतो, पण त्याआधी हे सांगायला हवे की ही सायकल जन्माला आली तेव्हा तिला मोटर नव्हती. अलास्कात १९८७ मध्ये इडिटाबाइक नावाची बर्फावरची लांब पल्ल्याची शर्यत सुरू झाली. साधी चाके बर्फात रुतू लागली, तेव्हा तिथल्या हौशी मंडळींनी दोन रिमा शेजारी शेजारी वेल्ड करून रुंद चाके बनवली. पुढे ४४ मिलिमीटर रुंदीच्या खास रिमा आल्या. त्याच सुमारास दक्षिणेकडे न्यू मेक्सिकोत वाळूच्या टेकड्यांसाठी आणखी रुंद रिमा बनवल्या जात होत्या. २००५ मध्ये सर्ली या अमेरिकी कंपनीने पग्स्ली ही ३.७ इंची टायरांची सायकल दुकानांत आणली आणि घरच्या घरी केलेली ही खटपट सर्वांच्या आवाक्यात आली. बर्फ आणि वाळू ही दोन टोके, पण अडचण एकच होती, हे मला फार गमतीचे वाटते.

मऊ टायरची किंमत डांबरी रस्त्यावर मोजावी लागते. चाक फिरताना टेकणारा भाग दर क्षणी दबतो आणि पुन्हा उभा राहतो. रबर दाबताना घेतलेली सगळी ऊर्जा परत देत नाही, काही भाग उष्णतेत जातो. टायर जितका मऊ, तितके हे दबणे जास्त. ढोबळ हिशेब केला तर ताशी २० किलोमीटर वेगाने जाताना चांगल्या अरुंद टायरांना या कारणासाठी २५ ते ३० वॅट पुरतात, तर खाचदार जाड टायरांना शंभराच्या आसपास लागू शकतात. साधारण तब्येतीचा माणूस तासभर सातत्याने ७५ ते १०० वॅट देऊ शकतो. म्हणजे माझी सगळी ताकद रबर दाबण्यातच संपली असती आणि वाऱ्यासाठी काही उरले नसते. मोटर आहे ती ही तूट भरून काढायला. त्यामुळेच मोटर आल्यावर जाड टायरांची सायकल बर्फ आणि वाळू सोडून शहरातल्या रस्त्यांवरही दिसू लागली, जिथे खरे तर तिची काहीच गरज नाही.

वाळूत मोटरची परीक्षा वेगळ्या प्रकारे होते. तिथे वेग ताशी सात-आठ किलोमीटर असतो आणि विरोध शंभर न्यूटनच्या आसपास, म्हणजे दहा किलो वजन सतत ओढत नेल्यासारखा. माझी मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये आहे, त्यामुळे चाक हळू फिरले की तीही हळू फिरते. फिरणारी मोटर स्वतःच एक उलटा विद्युतदाब निर्माण करून बॅटरीकडून येणारा प्रवाह आटोक्यात ठेवते. वेग पडला की हा उलटा दाब घटतो, प्रवाह वाढतो आणि तारांमध्ये उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वीज जाते जास्त, सायकल पुढे जाते कमी. पॅडलच्या मधल्या आसाशी बसवलेली मोटर चेन आणि गिअर यांच्या मार्फत चाक फिरवते, म्हणून चाक हळू असतानाही ती स्वतःच्या सोयीच्या वेगाने फिरू शकते. वाळू आणि चढ हेच मुख्य काम असेल तर मी आज ती घेईन. किंमत आणि चेनची झीज दोन्ही वाढते, हे मान्य करून.

माझी बॅटरी ४८ व्होल्ट १० अँपिअर-तासांची, म्हणजे ४८० वॅट-तासांची आहे. पॅडल मारत राहिलो तर डांबरावर ती पन्नास किलोमीटरपर्यंत साथ देते. सुक्या वाळूत मात्र मोटरवरच भार टाकला तर चाकाशीच किलोमीटरला जवळजवळ २८ वॅट-तास लागतात आणि हळू फिरणाऱ्या मोटरचा तोटा धरला तर चाळीसच्या वर. म्हणजे दहा-बारा किलोमीटरांत बॅटरी रिकामी. विक्रेते सांगतात तो पल्ला कोणत्या जमिनीवरचा, हे विचारून घ्यावे.

कायद्याच्या बाबतीतही विचारून घ्यावे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मोटरची ३० मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी असेल, आणि वेग ताशी २५ किलोमीटरवर पोचताच किंवा पॅडल थांबताच मोटरचे साहाय्य बंद होत असेल, तर अशा सायकलीला मोटार वाहन समजले जात नाही. जाड टायरांच्या अनेक परदेशी सायकली ५०० किंवा ७५० वॅटच्या असतात, आणि वर केवळ 'ई-सायकल' लिहिले म्हणून त्या या व्याख्येत बसत नाहीत. सुक्या वाळूवर २५ चा वेग सहसा गाठता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

खाऱ्या पाण्याविषयी एकच गोष्ट सांगतो, कारण ती मला महागात पडली. वाळूतून ओढून तापलेली हबची मोटर लाटेच्या पाण्यात गेली की आतली हवा एकदम आकसते, आत किंचित निर्वात तयार होतो आणि आसाजवळच्या फटींतून खारे पाणी आत ओढले जाते. आता मोटर हाताला कोमट लागेपर्यंत मी पाण्याजवळ जात नाही, आणि घरी आल्यावर गोड्या पाण्याने, पण जोरदार फवारा न मारता, सायकल धुतो.

मागच्या हिवाळ्यात मी पहाटेच निघालो होतो. भरतीच्या रेषेच्या वर सुक्या वाळूत टायरांची परीक्षा घेत असताना एक कासवमित्र हातात काठी घेऊन समोरून आला आणि म्हणाला, "दादा, खालून चालवा ना. तुमच्या चाकांनी माग पुसतोय." ऑलिव्ह रिडले कासवीण रात्री अंडी घालून परतते, तेव्हा तिच्या वल्ह्यांसारख्या पायांची नक्षी वाळूवर उमटते आणि पहाटे त्या नक्षीवरूनच हे लोक घरटे शोधून अंडी सुरक्षित कुंपणात हलवतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला २००२ मध्ये सुरू केलेले हे काम आता कोकणच्या अनेक किनाऱ्यांवर चालते. चार इंच रुंद खाचदार पट्टा त्या नक्षीवरून गेला की माग संपतो. आणि पिल्ले बाहेर पडण्याच्या दिवसांत खोल चाकोरी त्यांच्या वाटेत खंदकासारखी आडवी येते. माझा दाबाचा हिशेब अंड्यांवर किती भार येईल याचा होता, मागाचा विचार त्यात नव्हता. तेव्हापासून नोव्हेंबर ते मार्च मी उजाडल्यावर, त्यांची फेरी झाल्यानंतर, ओल्या वाळूवरूनच जातो.

परतताना डांबर लागले की पुन्हा उतरावे लागते. या टायरच्या पोटात सुमारे १५ लिटर जागा असते, एका मध्यम घागरीएवढी. शर्यतीच्या सायकलीच्या टायरमध्ये जेमतेम १ लिटर असते. ६ पासून १५ पीएसआयपर्यंत न्यायला प्रत्येक चाकात बाहेरची आणखी नऊ लिटर हवा कोंबावी लागते. माझ्या पिशवीतला हातपंप एका दट्ट्यात लिटरचा दहावा भाग देतो, तोही पंप नवा असेल तर. दोन्ही चाकांचे मिळून दोनशेच्या आसपास दट्टे होतात, आणि त्या कामात मोटर काही मदत करत नाही.